एकतीस नंबरचं टोकन

शाळेच्या फाटकातून ती आत शिरली तेव्हा टाकीसमोर बादल्यांची रांग लागली होती आणि टाकीचा व्हॉल्व्ह कुणीतरी नवखा माणूस सोडत होता. नवखा आहे हे तिला लांबूनच कळलं. त्यानं चक्र एकदम पुरतं फिरवलं, पाणी उसळलं आणि पहिल्या बाईच्या बादलीपेक्षा तिच्या अंगावरच जास्त पडलं. बाबा चक्र पाव-पाव फिरवायचे. आपल्याला बोलावलंय हे पाण्याला आधी कळू द्यावं, असं म्हणायचे.

पाच दिवसांपूर्वी भर दुपारी याच चक्राला धरून ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. छावणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं हृदयविकार असं लिहून दिलं. ते कागदाला पुरेसं होतं.

ती सामान न्यायला आली होती. निदान घरातून निघताना तिनं स्वतःला तसंच सांगितलं होतं.

भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मानसिक आधार पथकाबरोबर ती या छावणीत आली, तेव्हाची गोष्ट. निघण्याआधी पथकातल्या प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागे. त्यात सहावा प्रश्न असा होता : बाधित भागात तुमचं जवळचं कोणी आहे का? असेल, तर त्या माणसाला दुसरीकडच्या छावणीवर पाठवत. हा नियम तिला तोंडपाठ होता, कारण नव्या लोकांना तो तीच शिकवायची. आपल्या माणसाचं दुःख आपण मोजायला बसू नये, माप हमखास चुकतं, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. आणि तरीही सहाव्या प्रश्नापुढे तिनं ‘नाही’ लिहिलं. ‘हो’ लिहिलं असतं तर तिची रवानगी सत्तर किलोमीटर लांब झाली असती, आणि बाबा इथे, अंगावरच्या कपड्यांनिशी वाचलेले, एकटे.

पोचल्या पोचल्या तिनं त्यांना मुतारीच्या मागे गाठून हे सांगितलं. ते हसले.

“म्हणजे मला ओळखायचं नाही. बरं. कॉलेजात असताना हेच करायचीस तू. मैत्रिणी दिसल्या की माझ्या सायकलवरून उडी मारून फुटपाथवर.”

“बाबा, मी तुमच्यासाठीच आलेय.”

“कळलं गं ठमे. नोकरी सांभाळ.”

त्या दिवसापासून चारचौघांत ते तिला मॅडम म्हणू लागले. मॅडम, पाणी आलंय. मॅडम, तुमचा चहा निवला. हे त्यांनी इतकं बेमालूम वठवलं की सातवी ‘ब’च्या वर्गात लोकांची विचारपूस करायला तिच्याबरोबर बसणाऱ्या तरुण डॉक्टरलाही बाबा जाईपर्यंत पत्ता लागला नाही. ठाऊक होतं ते फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, कारण त्या बाबांच्याच इमारतीतल्या. त्यांना बाबांनीच गप्प राहायला सांगून ठेवलं होतं.

बाबा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. तेहतीस वर्षं शहराच्या चार वॉर्डांचं पाणी त्यांनी सोडलं आणि बंद केलं, आणि दर वेळी वहीत वेळ लिहून खाली सही केली. सोडलं ५.१०. बंद ६.४०. निवृत्त झाले तरी हाताची खोड गेली नाही. छावणीत दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकीचा ताबा घेतला, गळका नळ सुतळी गुंडाळून बंद केला, रांगेत भांडणाऱ्यांना हसवून शांत केलं. फक्त त्यांचे केस तेवढे विचित्र दिसत. जमीन हलली तेव्हा ते न्हाव्याच्या खुर्चीत होते. उजवी बाजू कापून झाली होती, डावी राहिली होती. लोक चेष्टा करत, तेही सामील होत. छावणीत एक न्हावी फुकट केस कापायला येऊन बसला, तेव्हा मात्र बाबा म्हणाले, राहू दे, आधी दुसऱ्यांचे होऊ देत.

छावणीतल्या प्रत्येक माणसाची विचारपूस करून त्याला एक चिठ्ठी द्यायची, अशी पद्धत होती. बरा असेल त्याला हिरवी, लक्ष ठेवायचं असेल त्याला पिवळी, एकटं सोडू नये अशाला लाल. बाबांचा फॉर्म खरं तर त्या तरुण डॉक्टरनं भरायचा. पण त्या दिवशी त्याच्यापुढे गर्दी होती, आणि तिला वाटलं, एवढ्यासाठी कशाला. तिनं तो उभ्या उभ्या भरला. झोप : ठीक. जेवण : ठीक. लोकांत मिसळतात : हो. कामात लक्ष : हो. स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष या ओळीशी तिचं पेन क्षणभर थांबलं होतं. तिथेही तिनं ‘ठीक’ लिहिलं आणि हिरवी चिठ्ठी लावून टाकली. त्यांना समोर बसवून एकही प्रश्न विचारला नाही.

नंतर एकदा जेवणाच्या रांगेत ते तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, ठमे, त्या जिन्याच्या कुलपाचं तुला सांगायचंय. पुढे डॉक्टर उभा होता. बाबा, इथे नको, ती न वळता पुटपुटली. घरी बोलू.

घर पडून सात दिवस झाले होते. हे तिच्या लक्षात आलं ते ताट वाढून घेतल्यावर. मागे वळून पाहिलं तर ते टाकीकडे निघाले होते.

शाळेची शिपाईमावशी सातवी ‘ब’मधल्या त्यांच्या कक्षाबाहेर स्टुलावर बसून टोकनं द्यायची. वर्गाबाहेर बाक होता, दाराला चादरीचा पडदा होता. आज मावशीनं तिला पाहिलं तशी स्टुलावरून उठली, आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत एक शर्ट, दाढीचं सामान, कोलगेटची अर्धी नळी, रबर लावलेली लहान वही आणि पितळी बिल्ल्याची एक किल्ली. वर मावशीनं कमरेचं पाकीट उघडून पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा काढला. त्यावर निळ्या खडूनं ३१ लिहिलं होतं.

तिला एकतीस नंबर चांगलाच आठवत होता. दिवसाला तीसच लोक घ्यायचे ठरलं होतं आणि प्लास्टिकची टोकनंही तीसच होती. मग एके दिवशी नोंदीच्या कागदावर मावशीच्या अक्षरात एकतीसावा आकडा आला. घेऊ एक जास्तीचा, तिनं म्हटलं. तीसजण झाले की ती पडद्याआडून हाक द्यायची : एकतीस. कुणी यायचं नाही. तीन हाका द्यायच्या आणि कागद बंद करायचा, हा नियमही तिचाच. आठ दिवस तिनं आठ वेळा त्या आकड्यासमोर ‘गैरहजर’ असं लिहिलं. एकदा तर डॉक्टरला हसून म्हणालीही, आपल्याकडे एक लाजरा पेशंट आहे.

“तेच होते,” मावशी म्हणाली. “मला म्हणाले, शेवटचा नंबर द्या, कुणाचा वेळ जायला नको. टोकनं संपलीत म्हटलं, तर खोक्याचा पुठ्ठा स्वतःच कापून आणला.”

“आणि उठले का नाहीत?”

“तुम्ही हाक मारली की चपला पायात घालायचे. दुसऱ्या हाकेला पुन्हा काढून ठेवायचे. मी म्हटलं, जा की आत. तर म्हणाले, आत माझी मुलगी नाही, मॅडम आहेत. मॅडमना सांगावं असं आहे, पण ऐकणार शेवटी मुलगीच. मला काही उमगलं नाही हो तेव्हा. मॅडमना बोलू नका, उद्या जातो, म्हणाले. रोज उद्या.” मावशीनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच बाकावर खेटाखेटी करणाऱ्या दोघांवर खेकसली.

ती मैदानाच्या कडेला झेंड्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि वहीचं रबर काढलं. भूकंपाच्या दिवसाचं पान शोधायला वेळ लागला नाही, कारण पान दुमडलेलं होतं. बाबांचं अक्षर सरकारी, सरळ, एका उंचीचं.

दु. १.५०. जिन्याचं दार उघडं आढळलं. कुलूप लावलं. खाली सही.

त्याखाली, बहुतेक त्याच दिवशी नंतर, सही नसलेली ओळ : २.४०. धावत गेलो. किल्ली हातात होती. उघडण्यासारखं दार राहिलं नव्हतं.

त्यापुढे छावणीची पानं. पाणी सोडलं, पाणी बंद. आणि शेवटच्या आठ दिवसांत रोज दुपारी एक ओळ : ३१ पुकारला. हजर. गेलो नाही. कुठे १२.१५, कुठे १२.४०. वेळा तिच्या कागदावरच्या वेळांशी तंतोतंत जुळत असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिच्या कागदात गैरहजर, त्यांच्या वहीत हजर, आणि मध्ये एक चादर.

पण तिला अडवलं ते पहिल्या ओळीनं. कारण जिन्याच्या त्या दाराबद्दल ती बाबा जाईपर्यंत जवळजवळ दोन आठवडे ऐकत आली होती, रोज, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून.

इमारतीत चोऱ्या झाल्यापासून जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं. कुलूप दाबलं की लागणारं, उघडायला मात्र आतूनही किल्ली हवी. जो बाहेर पडेल त्यानं दाबून जायचं. काकू त्या दिवशी दीड वाजता काकांचा दुरुस्तीला टाकलेला चष्मा आणायला गेल्या. घरातली एकुलती किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. अडीचच्या सुमाराला, जमीन हलली तेव्हा, काका, गुडघे धरत, चष्म्याविना, दोन मजले उतरून त्या दारापर्यंत पोचले होते. सापडले तेव्हा त्यांची बोटं जाळीत होती.

काकूंचा प्रश्न एकच असे. मी दाबलं का गं कुलूप? विचारताना त्यांचा उजवा अंगठा हवेत काहीतरी दाबत राही. आठवत नव्हतं, आणि आठवत नसल्यामुळे त्यांनी ते दाबलंच होतं असं ठरवून टाकलं होतं. जेवण तुटलं होतं. पिवळी चिठ्ठी लाल करावी का, यावर तिची आणि डॉक्टरची दोनदा चर्चा झाली. ती त्यांचा हात हातात घेऊन सांगायची, काकू, असं वाटणं स्वाभाविक आहे. नेमकं काय झालं ते आता कुणालाच कळणार नाही. त्या अनिश्चिततेसह आपल्याला हळूहळू जगायला शिकायचंय.

हे ती सांगत असताना पडद्यापलीकडे चार पावलांवर, खिशात वही ठेवून, ज्याला कळलं होतं तो माणूस बसलेला होता. पडदा पातळ होता.

डॉक्टर मध्येच चहाला बाहेर पडला तेव्हा तिनं त्याला गाठून वही दाखवली आणि सगळं सांगितलं. सहाव्या प्रश्नाचंही. त्यानं वही दोनदा वाचली. वयानं तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली शिकलेला.

“तुम्ही ड्यूटीवर नाही, मॅडम,” तो म्हणाला. “आणि बाईंची अवस्था तुम्हाला माहीत आहे. आता नवीन काही कानावर घालायचं म्हणजे...” त्यानं वाक्य सोडून दिलं. मग तिच्याकडे न बघता विचारलं, “त्यांच्यासाठी सांगायचंय, की तुम्हाला मोकळं व्हायचंय?”

हा प्रश्न तिनंच त्याला शिकवला होता. पहिल्याच व्याख्यानात.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “दोन्ही असेल.”

“आणि त्या तुमच्या बाबांना दोष देतील.”

“देऊ देत.”

असं म्हणून ती निघाली खरी, पण हॉलच्या पायऱ्यांशी तिचे पाय अडखळले. वही पिशवीत टाकून बस पकडणं सोपं होतं. कुणी विचारणारं नव्हतं. साऱ्या छावणीत बाबांचं नाव चांगलं होतं. टाकीवर कुणीतरी त्यांच्यासाठी फुलं ठेवली होती, ती तिनं येतानाच पाहिली होती. ती वही उघडली की त्या फुलांचं काय होईल, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याची तिला लाज वाटली, आणि लाजेनंच ती पायऱ्या चढली.

हॉलमध्ये काकू आपल्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधल्या पाच दिवसांत आणखी आक्रसल्या होत्या. तिला बघून त्यांनी आधी तिलाच जवळ घेतलं.

“फार चांगला माणूस गेला गं. रोज सकाळी माझी बादली भरून इथपर्यंत आणून ठेवायचे. मी नको म्हटलं की ऐकायचे नाहीत. खाली मान घालून ठेवायचे आणि जायचे.”

तिनं वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. काकूंचा स्वतःचा चष्मा ढिगाऱ्यात गेला होता. त्यांनी पर्समधून काकांचा काढला, तोच, नव्या काड्यांचा, आणि नाकावर चढवून बोटानं ओळ धरून वाचू लागल्या. ओठ हलत होते. ओळ संपली तसं बोट पुन्हा सुरुवातीला आलं.

“उघडं आढळलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे मी दाबलंच नव्हतं.”

“नाही, काकू. तुम्ही उघडं ठेवून गेलात. बाबांनी लावलं. वीस मिनिटांनी.”

हॉलमध्ये कुणाचं तरी पोर रडत होतं, कुणीतरी मोबाईलवर आपला पत्ता ओरडून सांगत होतं. हवेत दाबणारा तो अंगठा आता वहीच्या कडेवर पडून होता, स्थिर. तिनं ते पाहिलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हेही तिच्या ध्यानात आलं. ते फार टिकलं नाही.

“पण किल्ली माझ्याच पर्समध्ये होती ना गं,” काकू म्हणाल्या.

यावर तिच्याकडे शिकवलेली तीन वाक्यं होती. तिनं एकही वापरलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “तुमच्या पर्समध्ये एक आणि बाबांच्या खिशात एक.”

काकूंनी मान हलवली, जणू एवढं तरी कुणीतरी सरळ बोललं. मग पानं उलटत त्या त्या आठ ओळींपाशी आल्या. हे काय, त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितलं. टोकनाचं, चपलांचं, तीन हाकांचं. जेवणाच्या रांगेतलंही. आपण न वळता काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगितलं.

“तुझ्याकडे नाही तर नाही, माझ्याकडे यायचं होतं,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. “रोज बादली ठेवत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित तीच बादली अंगावर ओतली असती. पण मला कळलं तर असतं. पंधरा दिवस मी माझ्याच हाताकडे बघत बसले. आता शिव्या द्यायलासुद्धा ते राहिले नाहीत.”

“मला द्या.”

“तुला काय द्यायच्या,” काकू थकून म्हणाल्या. “तू तर दारात नव्हतीसही.”

ते वाक्य कसं घ्यावं हे तिला कळलं नाही. त्यात माफी नव्हती. तिनं वहीसाठी हात पुढे केला. बाबांच्या हाताचं, त्यांच्या अक्षरातलं, तेवढंच तर उरलं होतं. शर्ट धुतलेला होता, त्याला कसलाच वास नव्हता.

काकूंनी वही सोडली नाही.

“ही माझ्याकडे राहू दे,” त्या म्हणाल्या. “मला पुन्हा तसं वाटायला लागेल. मग वाचायला लागेल.”

तिचा हात तसाच हवेत राहिला. एक पान फाडून द्यावं, फोटो काढून घ्यावा, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं पिशवीतलं रबर शोधलं आणि काकूंच्या हाती दिलं.

“पान दुमडलेलंच आहे,” ती म्हणाली.

ती निघाली तेव्हा काकूंनी मागून हाक मारली. वाटलं, काही म्हणतील. पण त्यांनी एवढंच सांगितलं की उद्यापासून तू माझ्याशी बोलायला येऊ नकोस, त्या मुलाला पाठव. आणि मग, काहीशा घाईनं, जेवलीस का, असं विचारलं.

कक्षाबाहेर बाक जवळजवळ रिकामा झाला होता. तिनं मावशीसमोर हात पसरला. मावशीनं आधी तिच्याकडे, मग पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि तो तिच्या तळव्यावर ठेवला. मग आत जाऊन कागदावर एकतीसावा आकडा लिहून आली. ती बाकाच्या टोकाला बसली. इथून टाकी दिसत होती. पडद्याच्या आतली खुर्ची दिसत नव्हती, पण आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता. डॉक्टर कुणालातरी सांगत होता, असं वाटणं स्वाभाविक आहे.

तीस नंबरचे आजोबा बाहेर आले, काठी टेकत गेले. आत कागद सरकल्याचा आवाज झाला. मग डॉक्टरची हाक आली. एकतीस.

पहिल्या हाकेला तिला कळलं की उठणं का जमत नसेल. पाय जमिनीवर होते, चपला पायात होत्या, चार पावलांवर पडदा होता, आणि त्या चार पावलांत तेहतीस वर्षं सरळ अक्षरात लिहिलेला सगळा माणूस ओलांडून जावा लागत होता. मावशी तिच्याकडे बघत होती. पण जा की, असं या वेळी म्हणाली नाही.

दुसऱ्या हाकेला ती उठली.

आत डॉक्टरनं मान वर केली. तिला पाहून तो अर्धवट उभा राहिला, तिच्या हातातला पुठ्ठा बघून परत बसला. त्यानं एक नवा फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. त्यानं क्रम सोडला नाही.

“या आपत्तीत तुमच्या घरातलं कोणी गेलं का?”

“हो,” ती म्हणाली. “वडील.”